संगतीची शाळा

आमचे वडील रोज सकाळी जेवण झालं की मागच्या दारानं घर सोडून जायचे. जायचे म्हणजे कुठं? कुठंच नाही. विहिरीपाशी वळायचे, गोठ्याच्या मागनं यायचे आणि पुढच्या दारात उभे राहून खाकरायचे. त्या खाकरण्यासरशी आम्ही तिघं भावंडं उठून उभी राहायचो. कारण मागच्या दारानं गेलेले ते अण्णा आणि पुढच्या दारानं आलेले ते गुरुजी. दोन वेगळी माणसं. त्यांची एकमेकांशी फारशी ओळखही नव्हती.

तुम्हाला वाटेल मी थट्टा करतेय. अजिबात नाही. घरातच भरणाऱ्या या शाळेच्या वेळात चुकून कोणी 'अण्णा' म्हटलं तर ते मागं वळून बघायचे, ही हाक कुणाला मारली म्हणून. माझा धाकटा भाऊ दिगू एकदा पोट धरून त्यांच्या मांडीवर आडवा व्हायला गेला, तर म्हणाले, "वडिलांची चिठ्ठी आण." दिगू रडत मागच्या दारानं बाहेर गेला. त्याच्या मागोमाग हेही गेले, अण्णा झाले, चिठ्ठी लिहून दिली, पुन्हा गोठ्याला वळसा घालून गुरुजी झाले, चिठ्ठी नीट वाचली आणि म्हणाले, "कारण पटत नाही. काल यानं कच्च्या कैऱ्या खाल्ल्या ते वडिलांनी लिहिलेलं नाही. नामंजूर."

आई चुलीपुढून कडाडली, "अवो, लेकरू कळवळतंय आन् तुम्ही कचेरी काय लावलीय!"

मग छुट्टी मिळाली. आणि नुसती दिगूला नाही, सगळ्यांनाच मिळाली, कारण गुरुजी तातडीनं अण्णा होऊन दुपारभर लेकाच्या पोटाला हिंग लावत बसले.

हे सगळं गारखेड्यातलं. आता गारखेडा म्हटलं की लोक फ्लॅटचा भाव विचारतात. परवा मी त्या बाजूनं रिक्षानं गेले, तर आमची विहीर कुठं होती तेसुद्धा मला सांगता आलं नाही. रिक्षावाला म्हणाला, "कुआँ? इधर? क्या बात करते मावशी!" तेव्हा गारखेडा हे गाव होतं. शहर वेगळं, आम्ही वेगळे. आमची थोडी विहिरीखालची जमीन होती, बरीचशी कोरडवाहू होती आणि ती सगळी धाकटे काका बघायचे. अण्णांना शेतातलं एवढंच कळायचं की ज्वारी उंच असते आणि हरभरा बुटका.

निजामाच्या अमलात अण्णा उर्दू शाळेत मुदर्रिस होते, म्हणजे मास्तर. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, शाळा मराठी झाल्या. त्यांनी नोकरी सोडली की नोकरीनं त्यांना सोडलं, हे आमच्या घरात कधी बोललं गेलं नाही. पण अक्षर ओळखणाऱ्याला काम मिळतंच. गावोगावचे लोक फडक्यात गुंडाळलेले जुने उर्दू कागद घेऊन यायचे. कुणाचा बयनामा, म्हणजे खरेदीखत, कुणाचं वाटणीपत्र. सगळ्यांच्या जमिनी त्या अक्षरांत अडकलेल्या आणि ती अक्षरं वाचणारी माणसं झपाट्यानं कमी व्हायला लागलेली. अण्णा ते कागद मराठीत उतरवून द्यायचे. पण शाळा चालू असेल तर नाही. कितीही लांबून आलेला माणूस असो, त्याला ओसरीवर बसवून सांगायचे, "मधली सुट्टी होऊ द्या."

मग तो माणूस काय करणार? बसायचा आणि शिकायचा. फर्दापूरकडचा एक म्हातारा विहिरीतल्या हिश्श्याचा कागद घेऊन आला होता. दोन गाड्या बदलून आलेला. त्याला कागद वाचून दिला, उतरवून दिला, चहा दिला. तरी उठेना. अण्णांनी विचारलं, "काही राहिलं का?"

"कागदाचं नाय वो. त्या राजाच्या पोरीचं पुढं काय झालं, तेवढं सांगा की. तुम्ही मधीच सुट्टी दिली."

त्याची शेवटची गाडी गेली. तो आमच्याकडंच जेवला, झोपला आणि सकाळी हजेरीच्या वेळी आमच्या रांगेत उभा राहून मोठ्यांदा "हाजिर जनाब" म्हणाला. हजेरी आमच्याकडं अशीच द्यायची. अण्णांना मराठीत हजेरी घेणं कधी जमलं नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढा मास्तर माणूस, मग पोरं घरी का कोंडली? गावातही हेच विचारायचे. तोंडावर नाही, पाठीमागं. खरं कारण माझ्या पाठची बहीण, कुसुम.

कुसुम अडखळत बोलायची. शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथं कडी लागायची. मग तिची मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे आणि आम्ही घरचे दुसरीकडं बघायचो, तिला लाज वाटू नये म्हणून. आम्ही शहरातल्या शाळेत चालत जायचो. तिथं तिच्या वर्गावरच्या बाईंनी ठरवलं की ही पोरगी मुद्दाम करते. तिला रोज उभं करून वाचायला लावायच्या आणि पहिलं वाक्य पूर्ण होईपर्यंत बसू द्यायच्या नाहीत. वर्ग खिदळायचा. पोरं मधल्या सुट्टीत तिच्यामागं "क-क-क-कुसुम" करत फिरायची. एका पोराला मी पाटी मारली होती, पण एकीच्या पाटीनं काय होणार! कुसुमनं बोलणंच सोडलं. नुसतं शाळेत नाही, घरीसुद्धा. पाणी हवं असलं तर माठाकडं बोट दाखवायची. आईनं देवऋषी केला, जिभेला मध लावला, सगळं केलं. पोर मुकीची मुकी.

मग एके दिवशी अण्णा शाळेत आले. काळी टोपी घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. आधी कुसुमच्या वर्गात गेले आणि तिचा हात धरला. मग माझ्या वर्गात आले. मग दिगूच्या. तिघांना घेऊन फाटकाबाहेर पडले. मी आपली विचारतेय, "अण्णा, माझी कवायत हाय आज, मला काहून काढलं?" तर रस्त्यात थांबून म्हणाले, "हिला एकटीला काढलं तर हिला वाटेल कसूर आपला आहे. तिघांना काढलं. आता कसूर शाळेचा."

मला तेव्हा लई राग आला होता. मला शाळा आवडायची. मी हुशार होते आणि हुशार असल्याचं लोकांनी बघावं असं मला वाटायचं. घरी कोण बघणार? गोठ्यातल्या म्हशी?

घरच्या शाळेत पहिले काही आठवडे कुसुम नुसती बसून राहायची. अण्णांनी तिला एक अक्षर विचारलं नाही. ते स्वतःच पुस्तक घेऊन तिच्या शेजारी बसायचे आणि हलक्या आवाजात वाचायचे. मारुतीच्या देवळात भजनाला बसतात ना, एकजण म्हणतो आणि बाकीचे मागं धरतात, तसं. एक दिवस कुसुमचे ओठ हलायला लागले. मग आवाज आला. आणि काय सांगू, दुसरा आवाज सोबत असला की तिची जीभ मोकळी व्हायची! का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एकटी असली की अडायची, कोणी सोबत वाचलं की सरळ रस्त्यावरून गाडी जावी तशी जायची. आईनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परातीत कणीक तशीच ठेवून ती मागच्या अंगणात जाऊन रडली.

अण्णांनी त्याला नाव दिलं, संगत. आणि शाळेचा नियमच केला. कुसुम अडली की शेजारी जो असेल त्यानं संगत करायची. सांगायचं नाही, ओढायचं नाही, पुढं पळायचं नाही. तिच्या चालीनं चालायचं. पुढं हा नियम सगळ्यालाच लागला. गणित अडलं तरी संगत, कविता अडली तरी संगत. तिघांनाही आल्याशिवाय पान उलटायचं नाही. मी फणकारले की म्हणायचे, "शाळा मागच्याबरोबर चालते. ज्याला घाई आहे त्यानं पुढं जाऊन लिंबाखाली बसावं." मी जायचे बसायला. थोड्या वेळानं कंटाळून परत यायचे. लिंबाखाली एकटीनं बसून हुशार असण्यात काही मजा नसते हो.

दरवर्षी सहल निघायची. पैठणला, एसटीनं. सहलीत अभ्यास असा की वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्यांदा वाचायची. दुकानाची असो, गावाची असो. आम्ही तिघं खिडकीला आणि अण्णा मागं उभे. एका वर्षी आधी लोक हसले, मग शेजारच्या बायका विचारायला लागल्या, "काय लिवलंय गं त्याच्यावर?" बिडकीन येईपर्यंत अर्धी गाडी आमच्यासोबत ओरडत होती. बिडकीनची पाटी कुसुमच्या वाट्याची होती. ती 'बि'वर अडली, आम्ही संगत धरेपर्यंत गाडी पुढं निघून गेली. अण्णांनी घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. कंडक्टर धावत आला, "कोण उतरायलंय?"

"उतरायचं नाही. थोडी मागं घ्या. आमच्या या बाईंची पाटी वाचायची राहिली."

"मास्तर, ही एसटी हाय! शाळा नव्हं!"

यावर बराच वाद झाला. गाडी मागं आली नाही ती नाहीच. पण गाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं कुसुमला जवळ घेतलं आणि म्हणाली, "येताना वाच गं माय. बिडकीन कुठं पळून चाललं!" येताना अण्णांनी कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं. दुसरा कंडक्टर होता, भला माणूस, त्यानं बिडकीनला मुद्दाम गाडी जास्त वेळ उभी केली. कुसुमनं, मी आणि दिगूनं मिळून ती पाटी वाचली आणि गाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा इतके खूश की सगळ्या गाडीला पेरू वाटले.

पण माझ्या आठवणीत सगळ्यात पक्की बसलीय ती पालकसभा. हो, पालकसभाही व्हायची. दर महिन्याला. पालक एकच, आमची आई. ती डोक्यावर पदर घेऊन पुढच्या दारानं यायची, गुरुजी तिला "या बाई, बसा" म्हणायचे. आईला आधी हा सगळा खुळेपणा वाटायचा. "मला सैपाक पडलाय आन् यांचं नाटक!" पण दोन-तीन सभा झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की ही गोष्ट फार कामाची आहे. कारण अण्णांना काही बोललं तर ते चिडायचे. गुरुजी मात्र कधीच चिडायचे नाहीत. गुरुजी ऐकून घ्यायचे.

"पोरांच्या वडलाबद्दल तक्रार हाय माझी," आई म्हणायची.

"सांगा बाई."

"भाजी आणा म्हनलं की इसरत्यात. कागदावाल्या मान्साशी गप्पा मारायला बसले की जेवणाचं भान नाय. माझ्या भावाच्या घरी कार्य होतं, तिथं जाऊन तोंड फुगवून बसले. लोकांत माझी शोभा झाली."

गुरुजी मान हलवायचे. गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "हे बरोबर नाही. मी त्यांना समज देतो." आणि दुसऱ्या दिवशी अण्णा मुकाट्यानं शहागंजच्या बाजारातून पिशवीभर भाजी घेऊन यायचे. आम्ही तिघं तोंडात फडकं कोंबून हसायचो. चारचौघांत नवऱ्याचं नावही न घेणारी आमची आई, वर्षानुवर्षांचं साठलेलं सगळं पालकसभेत बोलून घ्यायची.

आणि पालकसभेतच तिनं एकदा पदर सावरला आणि म्हणाली, "मला माझ्या लेकरांचे दाखले पाह्यजेत."

गुरुजींना आधी कळलं नाही. "कसले दाखले?"

"शाळा सोडल्याचे. मला त्यांना शहराच्या शाळंत घालायचंय."

आम्ही हसायच्या तयारीत होतो, ते हसू तसंच राहिलं. आई हसत नव्हती. म्हणाली, "थोरलीला हायस्कूलला जायचंय. दिगूला उद्या नोकरी कोण देणार, घरी शिकला म्हणून? तुम्ही शिकवलं ते चांगलं शिकवलं, मी नाय म्हनत नाय."

"आणि कुसुम?" गुरुजींनी विचारलं. आवाज एकदम अण्णांचा.

"तिच्यासाठीच तर म्हनते मी. तुम्ही हायेत, ही दोघं हायेत, तवर ठीक हाय. पुढं? सासरी तिच्यासंगं कोण वाचणार? दुकानावर तिच्यासंगं कोण बोलणार? जन्मभर ही दोघं तिच्या मागं उभी ऱ्हाणार हायेत का?"

गुरुजींनी समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "मुलांच्या वडिलांशी बोलून कळवतो."

त्यानंतर घरात ना गुरुजी होते ना अण्णा. नुसताच एक गप्प माणूस वावरत होता. ओसरीवर कागद घेऊन आलेल्या लोकांना "उद्या या" सांगत होता. मला वाटलं आता दोघांचं वाजणार. पण एका सकाळी त्यांनी तीन दाखले लिहून आईच्या हातात दिले आणि म्हणाले, "पालकानं मागितला तर दाखला अडवता येत नाही. तसा कायदाच आहे." आईनं ते देवापुढं ठेवले. जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर मला काही दिसला नाही.

नव्या शाळेचे मुख्याध्यापक पुण्याकडचे होते. बोलणं अगदी स्वच्छ, कपडे त्याहून स्वच्छ. अण्णांचे दाखले त्यांनी दोन बोटांनी उचलून पाहिले आणि म्हणाले, "अशी शाळा सरकारी दप्तरात नाही. आपण मुलांची परीक्षा घेऊ." लेखी परीक्षा झाली. तिघांचीही चांगली गेली, कुसुमची तर माझ्याहून सरस. तिला लिहिताना कुठं अडायचं होतं! राहिली तोंडी. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्हाला तिघांना रांगेत उभं केलं. आई-अण्णा बाहेर व्हरांड्यात.

मधमाश्यांवरचा धडा होता. मी धडाधड वाचला. दिगूनं वाचला. मग पुस्तक कुसुमच्या हातात गेलं. तिनं तोंड उघडलं, "म..." आणि कडी लागली. मान ताठ, डोळे मिटलेले.

आणि आम्ही दोघांनी वाचायला सुरुवात केली.

ठरवून नाही हो! श्वास घेतो तसं. एवढी वर्षं तेच करत आलो होतो. दिगू एका बाजूनं, मी एका बाजूनं, हलक्या आवाजात तिच्या चालीनं. आणि कुसुम निघाली. अख्खा परिच्छेद कुठंही न अडता. शेवटचा शब्द झाला तेव्हा आम्ही तिघंही मुख्याध्यापकांकडं बघून हसलो. मला तर वाटलं आता शाबास म्हणणार.

त्यांनी टेबलावर रूळ आपटला. "हे काय चाललं आहे? परीक्षेत दुसऱ्याला सांगायचं नसतं, एवढंही तुम्हाला कुणी शिकवलं नाही?"

दिगूनं सरळ उत्तर दिलं, "नाही गुरुजी. संगत करायची असते असं शिकवलंय."

झालं! आई-अण्णांना आत बोलावलं. मुख्याध्यापक म्हणाले, ही चक्क कॉपी आहे, नियमानं तिघांनाही परत पाठवायला हवं. पण मुलं तयार आहेत, म्हणून मोठीला आणि धाकट्याला घेतो. "मधलीला घेता येणार नाही. वर्गात हिच्या मागं कोण उभं राहणार?"

आईचाच प्रश्न होता तो. घरी तिनं स्वतः विचारलेला. पण परक्याच्या तोंडून ऐकला आणि बाई पेटलीच. "तिघं नाय तर एकबी नाय! चला रे पोरांनो. चला म्हनते ना!" तिनं कुसुमचा दंड धरला.

अण्णा मात्र हलले नाहीत. टोपी काढून हातात घेतली होती. हळू आवाजात म्हणाले, "साहेब, यात मुलांचा कसूर नाही. माझा आहे. हिला एकटीनं वाचायला मी कधी लावलंच नाही. माझा जीव झाला नाही." मग थांबून म्हणाले, "आज लावतो. एकवार ऐका. फक्त मधे बोलू नका, शब्द पुरवू नका आणि घड्याळाकडं बघू नका."

"अवो, नका!" आई कळवळून म्हणाली. "पोर पुन्हा मुकी व्हईल. तुम्हाला आठवतंय ना सगळं? नगं ही शाळा, नगं काहीच!"

आठवत कसं नव्हतं! मला आठवत होतं, माठाकडं दाखवलेलं ते बोट. अण्णा कुसुमपुढं खाली बसले, तिच्या उंचीला आले. "कुसुम, वाचतेस का? नको म्हणालीस तर आत्ता घरी जाऊ. कोणी काही म्हणणार नाही."

कुसुमनं आमच्याकडं बघितलं. आम्ही दोघांनी छाती भरून श्वास घेतलाच होता. ते अण्णांच्या ध्यानात आलं. आमच्याकडं न बघता त्यांनी हात वर केला. "अक्का. दिगू. तोंड मिटा." असं ते आम्हाला जन्मात कधी म्हणाले नव्हते.

कुसुमनं आईच्या हातातून दंड सोडवून घेतला. पुस्तक घेतलं, पान उलटलं, नव्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

चमत्कार-बिमत्कार काही झाला नाही. पहिल्याच शब्दाला अडली. दुसऱ्याला अडली. एक वाक्य व्हायला इतका वेळ लागला की बाहेर घंटा झाली, पोरांचा गलका झाला, शिपाई दारातून डोकावून गेला. मी दातांखाली ओठ धरला होता. दिगूनं तर दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलेलं आणि डोळ्यांतून पाणी गळतंय. आईला वाचता येत नव्हतं, तरी तिचे ओठ हलत होते, काय म्हणत होती देव जाणे. अण्णा जमिनीकडं बघत बसले होते. कुसुम अडली की त्यांच्या हातातली टोपी चुरगळायची, ती सुटली की टोपीही सुटायची. मुख्याध्यापक आधी पेन्सिल वाजवत होते. मग ती वाजायची थांबली.

कुसुम अडत होती, डोळे मिटत होती, पुन्हा उघडत होती आणि पुढं जात होती. मुकी झाली नाही. एक शब्द तिनं अर्धवट टाकला नाही. एक शब्द गाळला नाही.

बरंच पान झालं, तसे मुख्याध्यापक खुर्चीवरून उठले. "पुरे. पुरे बाळ. घेतलं तुला. तिघांनाही घेतलं."

आईच्या तोंडून हुंदका फुटला. मी उडीच मारणार होते. अण्णांनी मान वर केली. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. आपल्या हातातलं सगळ्यात जिवाचं आपण होऊन दुसऱ्याला दिल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं.

पण कुसुमनं पुस्तकातनं डोकं वर काढलं नव्हतं. तिचं बोट ओळीवरच होतं.

"अ... अजून," ती म्हणाली, "दो... दोन ओ... ओळी राहिल्यात."

मुख्याध्यापकांनी तिच्याकडं बघितलं, मग अण्णांकडं बघितलं. आणि ते पुन्हा खुर्चीत बसले.